ओबोचं नवं चेंबर संगीत आणि कोकणातली दमट हवा

सनई ऐकत वाढलेल्या कानाला ओबो हे पाश्चात्य फुंकवाद्य परकं वाटायचं कारण नाही. दोन्हींत दोन पात्यांची रीड असते, दोन्हींची नळी तोंडाकडे अरुंद आणि खाली रुंद होत जाते, आणि दोन्हींचा आवाज गर्दीतून आरपार जातो. फरक पुढे सुरू होतो. सनईची भोकं उघडी असतात, बोट जरा सरकवलं की मींड निघते. आजच्या ओबोवर बहुतेक भोकांवर चाव्या असतात, बोट आणि भोक यांच्यामध्ये धातूची चकती येते. म्हणून सनईवर सहज निघणारी मींड ओबोवर मुद्दाम कमवावी लागते. उलट बाराही स्वर, कुठल्याही पट्टीत, भराभर आणि सारख्या वजनाने वाजवणं ओबोला सोपं जातं.

तरीही गेल्या साठ-सत्तर वर्षांत ओबोसाठी लिहिलेलं संगीत पहिल्यांदा कानावर पडलं की पुष्कळांना वाटतं, वाद्य बिघडलंय किंवा वादक चुकलाय. एकाच वेळी दोन-तीन घासलेले स्वर, मध्येच नुसती फुरफुर, संपतच नाही असा श्वास, एकाच स्वराभोवती सात-सात मिनिटं घोटाळणं. यातलं काहीही अपघाताने घडत नाही. प्रत्येक आवाजामागे रीड, हवा आणि नळी यांचं काही कारण असतं आणि ते कळलं की ऐकणं सोपं होतं. कोकणात हे संगीत बसवायचं असेल तर ही कारणं माहीत असायलाच हवीत, कारण आपल्याकडची हवा या सगळ्यांवर चाल करून येते.

चेंबर संगीत म्हणजे दोन ते साधारण नऊ-दहा वादकांचा मेळ. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र ओळ असते, तीच ओळ वाजवणारा दुसरा कुणी नसतो आणि बहुधा समोर काठी हलवणारा संचालकही नसतो. ओबोच्या बाबतीत नेहमीचे मेळ ठरलेले आहेत: ओबो आणि पियानो, ओबो, बासून आणि पियानो, ओबोसोबत व्हायोलिन, व्हिओला, चेलो, आणि फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बासून असा पाच जणांचा वाऱ्याच्या वाद्यांचा मेळ. तंतुवाद्यांबरोबरचा चौघांचा साचा मोझार्टने १७८१ मध्ये असा काही वापरला की आजही संगीतकार त्याकडेच वळतात. एक व्हायोलिन काढून तिथे ओबो बसवला, एवढंच वरवर दिसतं. प्रत्यक्षात वजनाचं सगळं गणित बदलतं.

रीड

ओबोची रीड बांबूच्या जातकुळीतल्या एका गवतापासून बनते. त्याचं नाव अरुंडो डोनॅक्स. दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातल्या गवताला वादकांमध्ये सर्वांत जास्त मान आहे. १० ते ११ मिलिमीटर व्यासाची कांडी उभी चिरून तिच्या तीन फाका करतात. आतल्या बाजूने तासून मधली जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास आणतात, कडा त्याहून पातळ ठेवतात. मग ती साच्यावर धरून कडा कापतात, मधोमध दुमडतात आणि बूच लावलेल्या साधारण ४७ मिलिमीटरच्या धातूच्या नळीवर नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधतात. दुमडलेलं टोक कापलं की दोन पाती सुटी होतात. पुढचं सारं काम चाकूचं. टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ करायचं, त्यामागे जाडी हळूहळू वाढू द्यायची, मधला कणा राखायचा. तयार रीड ७० ते ७३ मिलिमीटर लांब असते.

दोन तपासण्या प्रत्येक रीडवर करायच्या. नळीचं खालचं तोंड बोटाने बंद करून फुंकायचं. कडेने हवा सुटत असेल तर बांधणी सैल आहे किंवा पाती एकमेकांवर नीट बसलेली नाहीत. थोडं मधमाश्यांचं मेण किंवा पातळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ती वाट बुजवता येते. दुसरी तपासणी म्हणजे वाद्याला न जोडता नुसती रीड ओठांत धरून फुंकणं. कावळ्यासारखा जो आवाज येतो तो 'सी'च्या जवळपास स्थिर असावा ('सी', 'बी', 'जी', 'ए' ही पाश्चात्य स्वरांची नावं). तो डळमळत असेल तर वाद्यावरही स्वर डळमळणार, पुढे जाण्यात अर्थ नाही.

रीडचं तोंड जास्त उघडं राहिलं तर ओठ दहा मिनिटांत थकतात. फार मिटलं तर खालचे स्वर निघत नाहीत आणि वरचे चिरके, चढे होतात. चांगली रीडही दहा-पंधरा तासांच्या वादनात ढिली पडते. त्यामुळे ओबो वाजवणाऱ्याचा अर्धा वेळ चाकू हातात घेऊनच जातो, आणि नव्या संगीताला वेगळी रीड लागते म्हटल्यावर तो आणखी जातो.

उरलेला श्वास

ओबोवाल्याला दम कमी पडत नाही, तो उरतो. रीडची फट इतकी बारीक की छातीतली हवा बाहेर पडायला वाटच मिळत नाही. प्राणवायू संपतो, छाती मात्र भरलेलीच असते. म्हणून विरामात आधी श्वास सोडायचा, मग घ्यायचा. संगीतकाराने त्यासाठी पुरेशी जागा ठेवली नाही तर लांब ओळीच्या शेवटी वादकाचा चेहरा लाल होतो आणि स्वर चढतो. नवशिक्या वादकांच्या निम्म्या तक्रारी इथेच उगवतात: विराम आला की ते नुसता श्वास घेतात, आधीचा सोडतच नाहीत.

चक्राकार श्वास, म्हणजे गाल भरून ठेवून त्यातली हवा रीडमध्ये ढकलत नाकाने श्वास घेणं, सनईवाल्यांना नवं नाही. ओबोवर त्यात एक अडचण आहे. आत आधीच शिळी हवा कोंडलेली, त्यात आणखी भर पडते. म्हणून लांब तुकड्यांत कधी गालातल्या हवेवर वाजवत नाकाने श्वास सोडावाही लागतो. ही सवय लागायला महिने जातात. आधी पेल्यातल्या पाण्यात नळीने अखंड बुडबुडे काढायचे, मग नुसत्या रीडवर, मग वाद्यावर एका मधल्या स्वरावर, आणि शेवटी स्वर बदलत.

ताकद कुठे, अडचण कुठे

ओबोचा तळ म्हणजे मधल्या 'सी'खालचा कोमल 'बी'. तिथून वर अडीच सप्तकं तो आरामात जातो, जाणकार वादक आणखी वर. नळी शंकूच्या आकाराची असल्यामुळे जोराने फुंकलं की स्वर एका सप्तकाने उडी मारतो. क्लॅरिनेटची नळी जवळपास सारख्याच रुंदीची, म्हणून ते उडी मारताना बारावा स्वर देतं. ओबोच्या स्वरात वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे बारीक स्वर, भरपूर असतात, त्यामुळे मोठ्या गर्दीतही त्याची ओळ कानाला सापडते.

फ्लूटचे खालचे स्वर दुबळे असतात, ओबोचे खालचे स्वर दांडगे. तळाचे तीन-चार स्वर जोरात येतात, पण अगदी हळू मागितले की उशिरा बोलतात किंवा बोलतच नाहीत. चेलो मात्र त्याच जागी पुटपुटू शकतो. संगीतकाराला वाद्य खरंच कळतं की नाही हे इथे दिसतं. बेंजामिन ब्रिटनने अठराव्या वर्षी, १९३२ मध्ये, ओबो आणि तीन तंतुवाद्यांसाठी एक फँटसी लिहिली. सुरुवात चेलोवर अगदी दबक्या चालीच्या ठेक्याने होते, मग बाकीची तंतुवाद्यं येतात आणि ओबो सर्वांत शेवटी, त्याला सोयीच्या जागेवर. शेवटही तसाच, उलट्या क्रमाने विरत जाणारा. ओबोकडून त्याला न जमणारी कुजबुज ब्रिटनने मागितलीच नाही.

एका वेळी अनेक स्वर

आता खऱ्या गोष्टीकडे. ओबोवर एका वेळी एकच स्वर निघतो असं दोनशे वर्षं सगळे मानत होते. इटलीतले ब्रूनो बार्तोलोझ्झी यांनी १९६७ मध्ये लाकडी वाऱ्याच्या वाद्यांच्या नव्या आवाजांवर पुस्तक लिहिलं आणि एकाच वाद्यातून दोन, तीन, चार स्वर एकदम काढायच्या बोटांच्या जागा नोंदवल्या. स्वित्झर्लंडचे ओबोवादक आणि संगीतकार हाइन्झ होलिगर, जन्म १९३९, यांनी ते प्रत्यक्ष मंचावर आणलं. १९७१ मध्ये त्यांनी फक्त या बहुस्वरांवर एकट्या ओबोसाठी एक अभ्यासरचनाच लिहिली.

हे घडतं कसं? नेहमीच्या बोटांत नळीतला हवेचा स्तंभ एकाच लांबीचा असतो आणि रीड त्याच्या कंपनांशी जुळवून घेते. मध्येच एखादं भोक उघडलं आणि त्याखालची काही बंद ठेवली तर हवेपुढे दोन लांब्या उभ्या राहतात. दोन्ही जवळपास सारख्या बळाच्या असल्या की रीडला एक निवडता येत नाही. एकाच दारातून दोघांनी एकदम शिरावं तशी ती दोन्हींशी झगडते. त्यातून ते दोन स्वर तर येतातच, शिवाय त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वर उमटतात. म्हणून बहुस्वर पियानोवरच्या साध्या स्वरसंगतीसारखा स्वच्छ लागत नाही. त्यात घासणं, थरथर, मध्येच घुमणं असतं, आणि संगीतकाराला नेमकं तेच हवं असतं.

सरावाचा क्रम असा ठेवावा. रीड मध्यम ताकदीची घ्यावी. फार जाड असेल तर बहुस्वर फुटत नाही, फार हलकी असेल तर तो एका स्वरावर कोसळतो. स्वरलिपीवर दिलेली बोटं लावून जिभेचा धक्का न देता फुंकायला सुरुवात करावी आणि हवा हळूहळू वाढवावी. वरचा स्वर एकटाच आला तर रीड तोंडातून मिलिमीटरभर बाहेर काढावी, खालचाच आला तर मिलिमीटरभर आत घ्यावी. दोन्ही स्वर ओठांनी सुटे सुटे काढता आले की त्यांच्या मधली जागा शोधावी. सापडली की बोटं, ओठांची जागा आणि किती जोरात फुंकलं हे तिन्ही तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवावं, कारण दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

बिघडतं ते असं: एकच बोटं एका बनावटीच्या ओबोवर सुंदर बहुस्वर देतात आणि दुसऱ्यावर नुसता खर्ज. भोकांची जागा आणि आकार कारखान्यागणिक थोडा वेगळा असतो. व्हिएन्नाचा ओबो तर बांधणीनेच निराळा. संगीतकाराने दिलेली बोटं आज्ञा मानून न बसता जवळची दुसरी बोटं शोधायची मुभा वादकाने घ्यावी. पण कुठलीही दोन स्वरांची संगत चालेल असं मात्र नाही. लिहिलेल्या स्वरांपैकी किमान एक नेमका यायला हवा, नाहीतर शेजारच्या चेलोशी त्याचं नातंच तुटतं.

बाकीचे नवे आवाज यापुढे सोपे वाटतात. एकच स्वर दोन वेगळ्या बोटांनी भराभर आलटून पालटून वाजवला की उंची तीच राहते आणि रंग थरथरतो. जीभ किंवा पडजीभ घोळवून फरफरता स्वर येतो. पाव स्वर निम्मं झाकलेलं भोक किंवा खास बोटं वापरून मिळतात, आणि श्रुती मानणाऱ्या कानाला त्यात चुकीचं काही वाटू नये. मींड मात्र चाव्यांच्या वाद्यावर ओठांनी फार तर अर्धा-पाऊण स्वर सरकते, पुढे बोटं हळूहळू उचलत फसवावं लागतं.

काय ऐकावं आणि त्यात काय ऐकावं

पहिली रचना मी बहुस्वरांची सुचवणार नाही. एलियट कार्टर यांच्या १९४९-५० च्या फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून यांच्यासाठीच्या आठ अभ्यासरचनांपैकी सातवी घ्या. तिच्यात फक्त एक स्वर आहे, 'जी'. चारही वाद्यं तोच स्वर कधी हळूच सुरू करतात, कधी दणकन, कधी एकमेकांच्या आवाजात लपून. चाल नाही, लय जवळपास नाही, उरतो रंग. ओबो आत शिरला की स्वराला धार येते, बाहेर पडला की तोच स्वर मऊ होतो. एवढं कानाला पकडता आलं की पुढचं बरंचसं संगीत उघडतं.

मग लुचानो बेरियो यांची १९६९ ची सातवी 'सेक्वेन्झा', होलिगर यांच्यासाठी लिहिलेली. ती एका ओबोची रचना असली तरी मंचामागे दुसरा आवाज असतो: मधल्या 'सी'च्या वरचा 'बी' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जेमतेम ऐकू येईल इतका हळू. जर्मन लिपीत या स्वराला 'एच' म्हणतात, होलिगर यांचं आद्याक्षर. पान तेरा ओळी आणि तेरा रकान्यांच्या चौकटीत मांडलंय, प्रत्येक रकान्याला ठरावीक सेकंद. ओबो त्याच 'बी'ने सुरू होतो, तोच स्वर वेगवेगळ्या बोटांनी रंग बदलत वाजवतो, मग हळूहळू इतर स्वर, उड्या, बहुस्वर येतात. सूर धरणारी जोडीची सनई ऐकलेल्या माणसाला या रचनेचा सांगाडा कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या आधारस्वराशी एक फरक आहे: इथे वादक त्या सुराकडे विश्रांतीसाठी परत येत नाही, तो त्याच्यापासून सुटायला धडपडतो. बेरियोंनी पुढे १९७५ मध्ये याच रचनेभोवती अकरा तंतुवाद्यं गुंफून 'शमँ ४' केली. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर चेंबर मेळ म्हणजे काय हे कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर समजतं.

कोरियात जन्मलेले आणि जर्मनीत स्थायिक झालेले इसांग युन यांची 'पिरी' १९७१ ची. पिरी हे कोरियाचं दोन पात्यांच्या रीडचं वाद्य. युन यांची पद्धत अशी की एक मुख्य स्वर घ्यायचा आणि तो कंप, आस, सरकणं यांनी जिवंत ठेवायचा. बाकीचे स्वर त्याच्या सेवेला. आलापीची सवय असलेल्यांना इथे लगेच आधार मिळतो. तोरू ताकेमित्सु यांची 'डिस्टन्स' १९७२ ची, ओबोसोबत हवी तर शो, म्हणजे जपानी तोंडाचा ऑर्गन, अशी. शो संथ स्वरसंगती धरून ठेवतो आणि ओबो त्यावर बहुस्वरांनी ओरखडे काढतो.

ग्योर्गी लिगेटी यांचे १९६८ चे पाच वाद्यांचे दहा तुकडे हे थोडं अवघड जेवण आहे. सम क्रमांकाच्या तुकड्यांत एकेका वाद्याला पुढे केलंय, ओबोची पाळी सहाव्यात. इथे ओबोवाल्याला ओबो दामोरे आणि इंग्लिश हॉर्न हे ओबोचेच खालच्या सुराचे भाऊही हाताळावे लागतात, म्हणजे तीन प्रकारच्या रीड ओल्या ठेवायच्या. मंचावरच्या पंख्याखाली बाजूला ठेवलेली रीड पाच मिनिटांत सुकते आणि ऐन वेळी बोलत नाही. बूच असलेली पाण्याची छोटी डबी स्टँडला अडकवून ठेवणं हाच उपाय.

आपल्याकडची हवा

पावसाळ्यात रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या वर असते. रीड सुकायला हवी ती सुकत नाही आणि दोन-तीन दिवसांत काळे ठिपके धरते. ओली रीड हवाबंद डबीत कधीच बंद करू नये. भोकं असलेली डबी घ्यावी, वाजवून झाल्यावर रीड झटकून अर्धा तास उघडी ठेवावी. बुरशीचे ठिपके नुकते दिसले असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून काही मिनिटं ठेवावं आणि स्वच्छ पाण्याने धुवावं. काळे डाग आतपर्यंत गेले असतील तर रीड टाकून द्यावी, तो जीव वाचत नाही. भिजवण्याची वेळही आपल्याकडे कमी लागते. कोरड्या हवेत दोन-तीन मिनिटं लागतात, जुलैत एखादं मिनिट पुरतं. जास्त भिजली तर तोंड फाकतं आणि रीड जड होते.

लाकडाचं गणित उलटं आहे. आफ्रिकन ब्लॅकवूडचा ओबो सतत दमट हवेत सहसा तडकत नाही. तडकतो तो दमट घरातून थेट वातानुकूलित सभागृहात गेल्यावर. आतून श्वासाच्या वाफेने लाकूड फुगतं, बाहेरून कोरड्या थंड हवेने आकसतं, आणि वरच्या सांध्याला, म्हणजे वाद्याच्या वरच्या तुकड्याला, ट्रिलच्या (दोन स्वर भराभर आलटून वाजवायच्या) चाव्यांच्या आसपास, केसाएवढी चीर पडते. पेटीतून काढून वाद्य अर्धा तास सभागृहातच राहू द्यावं, मग पहिली पाच मिनिटं वरचा सांधा काखेत धरून कोमट करावा. नवं वाद्य पहिले दोन आठवडे दिवसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी आतून फडका ओढावा. भोकात पाणी अडकून स्वर गुळगुळला तर त्या चावीखाली सिगारेटचा पातळ कागद धरून चावी दाबावी.

खाऱ्या वाऱ्याने चाव्यांखालच्या सुईएवढ्या पोलादी स्प्रिंगा गंजतात. एक स्प्रिंग मोडली की अर्ध्या सप्तकाचं काम अडतं. महिन्यातून एकदा सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल दांड्यांच्या सांध्यांत द्यावं. लाकूड फुगलं की दांड्या अडखळतात आणि चाव्या पुरत्या मिटत नाहीत. तळाचा 'सी' निघेनासा झाला की रीडला दोष देण्याआधी वरच्या चाव्यांचे जुळवणीचे बारीक स्क्रू तपासावेत. स्क्रू अष्टमांश फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये. स्पष्टच सांगायचं तर किनाऱ्यालगत राहणाऱ्या विद्यार्थ्याने पहिलं वाद्य प्लॅस्टिकच्या वरच्या सांध्याचं घ्यावं. आवाजात पडणारा फरक सभागृहातल्या तिसऱ्या रांगेपलीकडे कळत नाही. चीर पडलेलं लाकूड मात्र सगळ्यांना कळतं.

आता सुराचं. तापमान एका अंशाने वाढलं की नळीतला स्वर सुमारे ३ सेंट चढतो. अर्ध्या स्वराचे सेंट १००. वादकाच्या श्वासाने वरचा भाग तसाही गरम असतो म्हणून प्रत्यक्षात चढ याहून कमी, पण २० अंशांना जुळवलेला ओबो ३२ अंशांच्या सभागृहात चढणारच. त्याच वेळी उष्णतेने व्हायोलिनच्या तारा सैल पडून उतरतात. ओबोची रीड बाहेर ओढून सूर उतरवायला जावं तर आत पोकळी राहते आणि काही स्वर डळमळतात. म्हणून जुळवणी ओबोकडूनच घ्यायची ही पद्धत आहे, त्यामागे मानापेक्षा नाइलाज जास्त. पियानो तर हलतच नाही, आणि किनाऱ्यावरचा लाकडी पियानो पावसाळ्यात फुगून चढतो, उन्हाळ्यात उतरतो. डिजिटल पियानो असेल तर जुळवणीचा स्वर 'ए' ४४० हर्ट्झऐवजी ४४२ वर नेणं एका बटणाचं काम आहे. ते सरावाआधी करावं, मध्यंतरात नाही.

बेरियोंच्या 'बी'साठी हीच काळजी. ४४० च्या हिशेबाने तो स्वर ४९३.९ हर्ट्झचा, ४४२ च्या हिशेबाने ४९६.१ चा. फोनवरच्या अॅपमध्ये पहिला आकडा आणि ओबो दुसऱ्या पट्टीत असला तर दोन स्वरांत सेकंदाला साधारण दोनदा थरथर ऐकू येते आणि रचनेचा आधारच डुगडुगतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा इथे चालत नाही, त्यात पंचम किंवा मध्यम येतो. एकच स्वर देणारं साधन घ्यावं, बॅटरीवर चालणारा स्पीकर पडद्यामागे ठेवावा म्हणजे वीज गेली तरी सूर तुटत नाही, आणि आवाज इतका ठेवावा की ओबो थांबल्यावरच तो आहे हे कळेल. पंखे आणि मंचाजवळचा जनरेटर बंद. मेन्सच्या गुणगुणीतला १०० हर्ट्झ खालच्या 'जी'ला, ९८ हर्ट्झला, चिकटून बसतो, त्यामुळे कार्टरच्या एका स्वराच्या तुकड्यात तो नको असलेला पाचवा वादक होतो.

पत्र्याच्या छपराखाली जून ते सप्टेंबर हे संगीत बसवूच नये. सर आली की तळाचे हळू स्वर गेलेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उघड्यावर वाजवायचं असेल, जसे रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात महोत्सव होतात, तर रात्री हवा थंडावते, सूर उतरतो आणि भोकांत पाणी साचायला लागतं. उघड्यावर तंतुवाद्यांचा हळू आवाज उडून जातो, म्हणून तिथे एकट्या ओबोची रचना सोयीची. रोमन कवी ओव्हिडवरची ब्रिटनची सहा रूपांतरं १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या थॉर्पनेसच्या तळ्यावर खुल्या हवेतच पहिल्यांदा वाजली होती. पहिल्या 'पॅन'मध्ये मोजणीच्या रेघा नाहीत आणि थांबे पुष्कळ आहेत, वाऱ्याची झुळूक जाईपर्यंत वादकाला खुशाल थांबता येतं. स्वरलिपीच्या पानांना कपड्यांचे चिमटे दोन्ही कडांना लावावेत. खालची कड मोकळी राहिली तर पान उलटताना अर्धी ओळ हातात येते.

कार्यक्रमाचा क्रम लावताना बहुस्वरांची रचना मध्यंतराच्या आधी शेवटची ठेवावी. तिच्यानंतर ओठ थकलेले असतात आणि रीड पाण्याने जड झालेली असते. मध्यंतरात ती डबीत जाऊ द्यावी, मोझार्ट किंवा ब्रिटनची चौघांची रचना दुसऱ्या, आधी वाजवून पारखलेल्या रीडवर घ्यावी, आणि तिसरी रीड भिजवून स्टँडवर तयार असावी.